इतिहासाच्या तासाची खूण

शीतलचं पत्र दिवाळीनंतर आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. ते कुठे ठेवलं होतं हे विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. टेबलावरच्या शब्दकोशात ते होतं, आणि कुठलाही शब्द बघायला कोश उघडला की त्याची निळी कड आधी दिसायची.

हल्ली पत्र कोण लिहितं? पण शीतल माझी मुलगी आहे, तिला मी ठाऊक आहे. फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही. शिवाय फोन आला की राजी, म्हणजे तिची मुलगी राजनंदिनी, माझ्या शेजारीच बसलेली असायची. तिच्यादेखत विचारायचा हा प्रश्न नव्हता. शीतलनं ईरोडहून लिहिलं होतं: "तात्या, राजीची पट्टी काढू का ठेवू? काढली तर शाळा जाते. ठेवली तर मी जाते. तुम्ही जन्मभर वाचत आलात, तुम्ही सांगा. सांगाल ते करीन."

शेवटचं वाक्य वाचून मी पत्र मिटलं. मी गावाहून ये-जा करून विट्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. "हे पुस्तक चांगलं आहे का हो?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "वाचून बघा." सगळी नोकरी त्या दोन शब्दांवर काढली. माझ्या मतावर कुणी पुस्तक नेलं आणि ते त्याला आवडलं नाही तर काय, अशी भीती वाटायची. इथे तर पोरीचा प्रश्न होता.

पट्टी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, त्यासाठी देशभर कुठेही जाऊन भट्टी मांडायची. माझे जावई अमरराव तिकडे तमिळनाडूत, ईरोडला आहेत. अशा घरांतल्या मुलांच्या शाळेचे कायम हाल. सातवीपर्यंत कसंतरी व्हायचं, पुढे हायस्कूल म्हटलं की फी, बस, गणवेश, इमारतीसाठी देणगी. मुलगा असला तर ओढाताण करून भरायचे. मुलगी असली तर "झालं की आता" म्हणायचे. माझी धाकटी बहीण सातवीला वर्गात पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिची शाळा थांबली. माझ्या हातात पुस्तक दिसलं की ती मान फिरवायची. म्हातारी झाली तरी ती सवय गेली नाही.

म्हणून आठवी ते बारावी सगळ्यांना फुकट, असा कायदा झाला तेव्हा मी मनापासून पेढे वाटले. एरवी मी कशाचेच वाटत नाही.

एवढी मुलं, एवढे वर्ग, एवढे शिक्षक सरकारला कसे परवडणार, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर म्हणजे ही पट्टी. योजनेत तिचं नाव 'उजळणी'. कपाळावर बांधायची, कापडाची, मऊ.

आपण झोपतो तेव्हा मेंदू दिवसभरातलं थोडं थोडं पुन्हा चालवून बघतो. गाढ झोपेत ज्याची पाळी येते ते पक्कं होतं. ज्याची येत नाही ते पुसट होत जातं. आता शिकताना कानावर एक ठरावीक आवाज पडत राहिला, आणि तोच आवाज गाढ झोपेत अगदी हळू ऐकवला, तर मेंदू त्या वेळी शिकलेलंच पुन्हा चालवायला घेतो. हे फार पूर्वीच माहीत झालं होतं. गाढ झोप नेमकी केव्हा लागली हे ओळखून नेमका तोच आवाज देणारं स्वस्त यंत्र तेवढं नव्हतं. ते झालं. मग प्रत्येक विषयाच्या तासाला एक खूण ठरली, बारीक घंटेसारखी. वर्गात ती बाकातून वाजायची, झोपेत पट्टीतून. एकदा शिकवलेलं पक्कं बसू लागलं. सहा तासांची शाळा तीन तासांत होऊ लागली. त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांवर दोन पाळ्या भरल्या. पैसा वाचला तो असा.

ज्यांना पट्टी नको त्यांच्यासाठी पूर्ण दिवसाची शाळा होतीच. ती मात्र फुकट नव्हती.

गाढ झोप काही वाढत नाही. तिच्यात धड्यांची पाळी आली, म्हणजे दुसऱ्या कशाची तरी गेली. पालकांच्या पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर ते लिहिलं होतं: "अभ्यासाशी संबंध नसलेल्या ताज्या आठवणींमध्ये किरकोळ घट संभवते." मी ते वाक्य वाचलं होतं. पुस्तिका पूर्ण वाचणारा गावात बहुधा मी एकटाच. पण 'किरकोळ' या शब्दावर मी विश्वास ठेवला.

या शाळेसाठी राजी आठवीला माझ्याकडे राहायला आली. ईरोडच्या शाळेत ती जेमतेम होती. इथे वर्षभरात वर्गात पुढे गेली. सकाळी चहा पिताना ती वर्गमुळं आणि नद्यांची खोरी अशी सांगायची जणू ती तिच्या मावशीची गावं आहेत. मला तिचा अभिमान वाटायचा. आदल्या संध्याकाळी आम्ही काय बोललो ते तिला आठवत नाही, हे माझ्या लक्षात यायचं. मला वाटायचं, माझं बोलणं लक्षात ठेवण्यासारखं नसतंच.

नववीच्या दिवाळीला शीतल आणि अमरराव आले. गलाईत बायका भट्टीपाशी बसत नाहीत. शीतल मात्र नवऱ्याच्या आजारपणात बसू लागली आणि मग बसतच राहिली. अमरराव थट्टेनं तिला 'शेठ' म्हणतात. त्या दिवाळीत तिनं परसात छोटी भट्टी मांडली आणि राजीला चांदीचा रंग ओळखायला शिकवलं. रोज संध्याकाळी मायलेकी तिथे. मी खिडकीतून बघायचो. शीतलच्या हातावर जुन्या भाजल्याचे डाग आहेत, ते राजी बोटानं चाचपायची. रात्री पट्टी बांधायला शीतल स्वतः आठवण करायची. सुट्टीत मागच्या सत्राची उजळणी असते, ती चुकायला नको म्हणून. पोरीच्या अभ्यासात आपल्यामुळे खंड नको, एवढाच तिचा विचार.

ती दोघं परत गेल्यावर पंधरवड्यानं व्हिडिओ फोन आला. शीतलनं सहज विचारलं, "राजे, सांग बघू, चांदी झाली हे कसं ओळखायचं?"

राजी म्हणाली, "कुणाची चांदी झाली?"

शीतलला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. ती हसली. मग राजीचा चेहरा बघून थांबली. भट्टी आठवते का, परस आठवतो का, विचारत गेली. राजीला आई आल्याचं आठवत होतं, नवी चप्पल आठवत होती. भट्टीपाशीच्या सगळ्या संध्याकाळी मात्र पुसून गेल्या होत्या. "आई, रागवू नको ना," ती म्हणाली, घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तशी.

त्यानंतर ते पत्र आलं.

उत्तर देण्याऐवजी मी वाचायला बसलो. पट्टीवरचं मिळेल ते वाचलं. वाचून माझं मत झालं नाही, एक युक्ती मात्र सुचली. खूण वाजते तेव्हा मुलासमोर जे चाललेलं असेल, ते झोपेत पक्कं होतं. धडाच असला पाहिजे असं कुठे आहे?

इतिहासाच्या तासाची खूण मला पाठ होती. राजी इतिहास वाचताना नकळत बोटांनी टेबलावर ती वाजवायची: दोन जवळजवळ, मग थोडं थांबून एक. मी घरातली भांडी वाजवून बघितली. स्टीलचा आवाज पातळ येत होता. शेवटी माळ्यावर तळपायाला तेल चोळायची काशाची वाटी सापडली. चमच्यानं वाजवली आणि राजी आतून म्हणाली, "तात्या, इतिहास लावलाय का?"

इतिहासच का निवडला? तो विषय आपल्याला येतो, गेला तर आपण भरून काढू, असं मला वाटलं. आयुष्यात एकदाच मी स्वतःवर एवढा विश्वास ठेवला.

पुढच्या फोनला मी चहाची साखर काशाच्या वाटीत घेतली आणि ढवळण्याचं निमित्त करून वाजवत बसलो. शीतलनं विचारलं, तात्या, हे काय चाललंय? म्हटलं, साखर विरघळत नाही. तिला मी भट्टीविषयी बोलायला लावलं. ती सांगत गेली, मी वाजवत गेलो. चहा पार थंड झाला.

सकाळी राजी दात घासत बाहेर आली आणि फेस सांभाळत म्हणाली, "तात्या, चांदीवर आधी साय येते. रंगीत, तेलासारखी. ती सरकली की एकदम लख्ख चमकतं. तेव्हा भट्टी थांबवायची. आई म्हणते तो क्षण चुकला की चुकला."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे हलवत राहिलो.

मग आमचं तेच सुरू झालं. फोन आला की वाटी. राजीला आईची एकेक गोष्ट आठवू लागली, फोनवर ती आपणहून विषय काढू लागली. शीतलचा आवाज बदलला. तिनं पत्राचं विचारलं नाही. मीही उत्तर दिलं नाही. आता उत्तराची गरजच काय, असं मनाला समजावलं.

चाचणी परीक्षेनंतर झांबरे मॅडमनी बोलावलं. त्या राजीच्या वर्गशिक्षिका, इतिहासही त्याच शिकवतात. मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांनी सरळ राजीच्या पेपरातलं एक उत्तर वाचून दाखवलं. प्रश्न अठराशे सत्तावनच्या उठावाच्या कारणांचा होता. राजीनं लिहिलं होतं: "शिपायांमधील असंतोष तापत गेला. प्रथम वर रंगीत साय येते. ती सरकली की लख्ख चमक दिसते. त्या वेळी भट्टी थांबवावी, नाहीतर माल जळतो. इंग्रजांना हे ओळखता आले नाही."

मॅडमना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. मग त्या डोळे पुसून म्हणाल्या, "काका, शेवटचं वाक्य चुकीचं आहे असंही म्हणवत नाही."

पण हसण्यावारी जाणारी गोष्ट नव्हती. खुणेची सरमिसळ झाली की यंत्रणेला ते कळतं. राजीच्या इतिहासाच्या नोंदी गेले कित्येक आठवडे वाकड्या येत होत्या. मॅडमनी अंदाजानं सगळं ओळखलं होतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. मी वाटीचं सांगितलं. त्यांनी नियम सांगितला. पुढच्या सत्राआधी पालकांनी लिहून द्यायचं: खुणेत ढवळाढवळ करणार नाही, किंवा पट्टी परत करतो. पट्टी परत केली की जागा गेली. ती दुसऱ्या मुलीला मिळेल, यादी मोठी आहे.

मी विचारलं, हे बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का?

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. सकाळची पाळी सुटत होती, फाटकातून मुलीच मुली निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यातल्या निम्म्या पूर्वी या फाटकातून आतच आल्या नसत्या. ते मी बघितलंय. आणि माझा मुलगा पूर्ण दिवसाच्या शाळेत आहे. पट्टी नाही त्याला. आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडानं सांगू?"

घरी येऊन राजीला सगळं सांगितलं. ती वहीत बघत ऐकत होती. वाटीपाशी आलो तेव्हा तिनं मान वर केली.

"म्हणजे मी झोपले की डोक्यात जे वाजतं, त्यात तुम्ही साखर ढवळत होता."

"तुझ्या आईचं बोलणं राहावं म्हणून."

"मला विचारलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"शाळेनं पण नाही विचारलं," ती म्हणाली. "शाळेचं एक सोडा. तुम्ही तर घरचे."

तिनं काशाची वाटी उचलली, माळ्यावर नेऊन ठेवली आणि दार लावून आत बसली. संध्याकाळपर्यंत आली नाही. मी बाहेर खुर्चीवर बसून होतो. दार वाजवावं की नाही हेही मला ठरवता येईना.

आली तेव्हा डोळे सुजले होते. तिनं विचारलं, काय काय गेलंय माझं? सांगा. मी सांगायला लागलो आणि मध्येच अडखळलो. गेलेल्यातलं बरंचसं मी तरी कुठे लक्ष देऊन बघितलं होतं? पाडव्याला ती आणि तिची आई कशावरून एवढ्या हसल्या ते मला ठाऊक नव्हतं. खिडकीतून ऐकू आलं नव्हतं.

मग मी शब्दकोश उघडून पत्र तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"हे दिवाळीनंतरचं आहे."

"हो."

"मग उत्तर?"

"मला कळत नव्हतं."

"मग तसं लिहायचं की."

एवढं सोपं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वाचनालयातही नाही.

मग आम्ही बोललो. बहुतेक तीच बोलली. गणित तिला खरंच आवडतं. ते पट्टीमुळे आवडतं की तिला स्वतःला, हे तिलाही सांगता येईना, आणि या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. शाळा सोडायची म्हटलं की सिद्धी सुटणार, बाकावरची शेजारीण. तिला राजी सोडून दुसरं कुणी नाही. आणि आई? दर दिवाळीला आई येणार, शिकवणार, आणि पंधरवड्यानं पुन्हा पाहुणी होणार. राजी म्हणाली, "मला दोन्ही पाहिजे होतं. फुकट म्हणाले म्हणून मला वाटलं दोन्ही मिळतं."

पूर्ण दिवसाच्या शाळेची फी आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून मी तिला सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं. शाळेत न जाता दहावीला बाहेरून बसायची ती सोय अजून आहे. घरी अभ्यास करायचा. मराठी, इतिहास, थोडं विज्ञान मला जमेल. गणित जमणार नाही, हेही सांगितलं.

"मग मी शिकवीन तुम्हाला," ती म्हणाली. "आत्ता येतंय तोवर."

'आत्ता येतंय तोवर' हे शब्द मला लागले. पट्टी निघाल्यावर तिचं किती टिकेल, कुणालाच माहीत नाही. पुस्तिकेतही नाही. आज वर्गात पुढे असलेली मुलगी मी घरात बसवतोय. सातवीनंतर माझ्या बहिणीला घरात बसवलं तेव्हाही कुणीतरी तिच्या भल्याचंच बोललं असेल. मी ते राजीला बोलून दाखवलं. तिनं विचारलं, "त्या आजीला कुणी विचारलं होतं?"

नव्हतं विचारलं.

मी म्हटलं, आईला फोन लावू या. ती म्हणाली, नको, तिनं पत्र पाठवलंय, पत्रच जाईल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो. पाच-सहा कागद फाडले. प्रत्येक कागदावर 'एका बाजूने' आणि 'दुसऱ्या बाजूने' यायचं आणि मी थांबायचो. राजी समोर बीजगणित करत होती. शेवटी तिनं मान वर न करता म्हटलं, "तात्या, ती वाट बघतेय."

मग लिहिलं.

"चि. शीतल, तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. काय लिहावं ते कळत नव्हतं, आजही पुरतं कळत नाही. सरकारनं वाईट केलं असं मला लिहिता येत नाही. शाळेच्या फाटकातून मुली बाहेर येताना मी बघितल्या आहेत. तुमच्या फोनच्या वेळी मी राजीच्या नकळत एक उद्योग केला, तो ती तुला सांगेल. तिनं मला चांगलंच झापलं आहे. तू मत विचारलं होतंस. माझं मत, पट्टी काढावी. राजीचंही तेच आहे, पण रडून झालेलं आहे, हे ध्यानात घे. सतरा नंबरनं दहावीला बसेल. मी शिकवीन, ती मला शिकवील. मार्क कमी पडतील. पुढे कधी ती मला बोल लावील, तेव्हा हे पत्र दाखव. तिच्या नोकरीचं काय, बारावीचं काय, मला सांगता येत नाही. पण तुझ्या हातावरचे डाग कशाचे आहेत, ते तिला आठवलं पाहिजे. तुमची संमती लिहून पाठवा. तात्या."

राजीला वाचायला दिलं. तिनं 'मार्क कमी पडतील' खाली रेघ मारून बाजूला लिहिलं, "बघू." मग पट्टीची घडी घालून ती तिच्या डबीत ठेवली. संमती येईपर्यंत बांधायचीच असा नियम आहे, हे मला माहीत होतं. मी आठवण केली नाही.

गावात टपालाची पेटी एकच उरली आहे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. आम्ही ऊन उतरल्यावर गेलो. दुपारची पाळी सुटली होती. सिद्धी तिच्या घराच्या दारात होती, लांबून हात करून "उद्या लवकर ये" म्हणाली. राजीनंही हात केला.

पेटीचं तोंड गंजून अर्धं मिटलं होतं. पाकीट अडकलं. राजीनं ते बाहेर काढलं, सरळ केलं, माझ्याकडे बघितलं. अजून परत घेता आलं असतं. मी मानेनंच 'टाक' म्हटलं. तिनं आत ढकललं, आणि ते तळाला पडल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं.

परत येताना मी म्हटलं, "हे लक्षात राहील का गं तुझ्या?"

"उद्या सकाळी विचारा," राजी म्हणाली.